गोरख करणे

पेण
१२ सप्टेंबर २०२५

गोरख,

पत्र उघडून तू आधी खालची सही बघशील आणि घडी घालून परत ठेवून देशील, म्हणून नाव वरच सांगून टाकतो. मी धनेश पाटील. कॉलेजात तुझ्याबरोबर बास्केटबॉल खेळणारा, तू ताटात वाढल्यासारखे दिलेले पास हातातून सोडणारा, तोच.

तुझा पत्ता तुझ्या मुलीकडून मिळाला. कॉलेजच्या ऑफिसात बसलो होतो, समोर कोणी तरी 'शीतल गोरख वाघमारे' म्हणून हाक मारली आणि मी खुर्चीतून उठलोच. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "बाबांना फोनवर ऐकू येत नाही काका. कंपनीत मशीनजवळ राहून कान गेले. पत्र लिहा, पत्र ते दोनदा वाचतात." तर दोनदा वाच.

गणपती गेले, कारखाना रिकामा झाला. हाताला रंग नसलेले हेच काय ते आमचे दिवस, आणि कॉलेजने नेमके तेच हेरले. कॉलेजला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका निघणार आहे, आणि त्यातला 'पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास' माझ्या गळ्यात पडला आहे. मी म्हटलं, मी मूर्तीचे डोळे आखणारा माणूस, मला इतिहास कुठला? तर प्राचार्य म्हणतात, तुम्ही कप्तान होता ना. एकदा कप्तान झालं की आयुष्यभर भोगावं लागतं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आणि इतिहास म्हणावा तर नुसता गोंधळ आहे रे. कबड्डीच्या मुलखात हा खेळ आणला कोणी, यावरच तीन मतं. निकेश म्हात्रे शपथ घेऊन सांगतो की पहिली रिंग त्याच्या आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून, वाकवून केली. दुसरा म्हणतो, छे, ती पिंपाची कडी होती. मागची फळी मात्र आमच्या कारखान्यातला मूर्तीचा पाट होता, हे मी खात्रीने लिहिणार, कारण त्यापायी बापाने माझा कान पिळला होता. संघाच्या फोटोत बघावं तर निम्मे म्हात्रे, निम्मे पाटील, आणि कोण कोणता ते त्यांच्या बायकांनाही सांगता येत नाही.

आपली रिंग नेहमीपेक्षा हातभर उंच होती हे तुला आठवतं का? आपल्या खेळाच्या जोगळेकर सरांनी उंची बरोबर मोजली होती, पण खालचा मुरूम वाहून गेला आणि रिंग जागेवरच राहिली. म्हणून आपण बाहेर खेळायला गेलो की सगळ्यांचे बॉल फळीवरून पलीकडे जायचे. तू एकटा पहिल्या उडीत ओळखायचास. "इथं रिंग खाली हाय रे," म्हणायचास आणि मग तुझा एकही बॉल चुकायचा नाही. हे सगळं मी लिहून काढलंय.

अडलोय ते १९९१ ला. आपला संघ एकदाच फायनलला गेला, ती रोह्याची फायनल. तू आला नाहीस. आपण हरलो. तू कॉलेजही सोडलंस आणि त्यानंतर तोंड दाखवलं नाहीस. रागावून विचारत नाही, त्या रागाची मुदत कधीच संपली. पण त्या वर्षासमोर मी लिहू काय, ते तरी कळव.

तुझा,
धनेश


रोहा
२७ सप्टेंबर २०२५

धनेश शेठ यांस नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुम्ही विचारता की त्या वर्षासमोर काय लिहू. तुम्हाला हवं ते लिहा, माझं नाव फक्त घालू नका. ते तुम्ही लोकांनी एकदा कापलं आहे. कापलेलं नाव इतक्या वर्षांनी परत कशाला चिकटवता? 'तू आला नाहीस' असं लिहिलंत ते वाचून मला हसू आलं. बोलावलं नाही त्या जेवणाला माणूस जातो का?

रिंगचं खरं आहे. ती उंच होती.

एक गोष्ट मला विचारायची आहे. शीतल मुलींच्या वसतिगृहात राहते. परवा सुट्टीला आली तेव्हा हसत हसत म्हणाली, बाबा, आमच्या कॉलेजात तुमच्या नावाचा एक शब्द आहे. बास्केटबॉलच्या पोरांपैकी कोणी आयत्या वेळी दांडी मारली की बाकीचे म्हणतात, 'यानं गोरख केला.' तिला वाटलं हा सगळीकडचाच शब्द असेल. मला म्हणाली, याचा अर्थ काय हो? मी म्हटलं, ठाऊक नाही.

तुम्ही इतिहास लिहिताय. तुम्हाला ठाऊक असेल. हा गोरख कोण?

आपला,
गोरख मं. वाघमारे


पेण
३ ऑक्टोबर २०२५

गोरख,

शेठ म्हणालास. तुम्ही म्हणालास. वर 'आपला' पण लिहिलंस. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हे बँकेकडून आलंय का? एका पानावर वडापाव खाल्लेल्या माणसाला तुम्ही म्हणताना तुझा हात कसा धजावला?

तो शब्द. काय सांगू. मला वाटलं होतं तुझ्यापर्यंत तो कधी पोचणार नाही, म्हणून पहिल्या पत्रात मी त्याचा विषयच काढला नाही. ऐक. फायनलनंतरही सरांनी तुझं नाव हजेरीतून काढलं नव्हतं. वर्ष संपेपर्यंत रोज सरावाला पुकारायचे, 'गोरख वाघमारे'. उत्तर नाही. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. मग पुढे दुसरा कोणी आला नाही की मागून कोणी तरी म्हणायचं, 'सर, यानं पण गोरख केला.' कोणी सुरू केलं ते आठवत नाही. मीही म्हटलेलं आहे, ते लपवत नाही. आत्ताच्या पोरांना तर गोरख हा माणूस होता हेही माहीत नाही, त्यांना ते क्रियापद वाटतं.

पण आता मला कळत नाही ते सांग. नाव कापलं म्हणतोस, ते कोणी? मी कापलं नाही. सरांनी कापलं नाही, उलट सर वारले तोवर मला भेटले की 'वाघमाऱ्याचं काही कळलं का रे' एवढंच विचारायचे. आम्ही तर तुला बोलावलं होतं! फायनल पुढच्या आठवड्यात होती ती अचानक अलीकडे आली आणि तू सुट्टीला वाडीवर गेलेला. तेव्हा वाडीत कुठला फोन? मी दत्तात्रेय शिपायाला सायकलवर धाडलं. निरोप मीच पाठ करून घेतला होता त्याच्याकडून, अजून शब्दन् शब्द आठवतो: "गोरखनं उद्या सकाळी दहाला रोह्याला कोर्टात हजर राहायचं. आला नाही तर नाव कापलं जाईल." ते नाव कापायचं सरांचं रोजचंच होतं, ते सगळ्यांनाच दम द्यायचे. दत्तूदा परत येऊन म्हणाला, गोरख नव्हता पण त्याच्या बापाला नीट सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही बूट बांधून दहा वाजल्यापासून रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो. तू आलाच नाहीस. मग पोरं काय काय बोलायला लागली. समोरच्या रोह्याच्या संघाने तुला बुटांचा जोड देऊन फोडलं, इथपर्यंत. तू अनवाणी खेळायचास, म्हणून ते आम्हाला खरंही वाटलं. सर आणि मी वाडीवर आलो होतो नंतर, तर तुमच्या खोपटाला काट्या लावलेल्या. शेजारी म्हणाले, वीटभट्टीवर गेली सगळी. पुढे कोणी तरी सांगितलं की तू रोह्यातच राहतोस. झालं, बुटांची गोष्ट पक्की झाली.

आता तू म्हणतोस की बोलावलंच नाही. मग दत्तूदा कोणाला निरोप देऊन आला? माझं डोकं पार चक्रावलं आहे. लवकर लिही.

तुझा (नुसता 'आपला' नव्हे),
धनेश


रोहा
९ नोव्हेंबर २०२५

धन्या,

उत्तराला उशीर झाला. दिवाळी होती म्हणून नाही. लिहायला बसलो की हात थांबायचा.

तुझं पत्र आलं तेव्हा आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिला वाचता येत नाही आणि मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी वाचतो ते सगळ्या आळीला कळतं. तिला मी तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवत होतो. निरोपाच्या ओळीपर्यंत आलो, 'कोर्टात हजर राहायचं', आणि आईचे हात थांबले. माझा दंड धरून तोंड अगदी माझ्यासमोर आणून ती बोलली. असं बोललं की मला ओठांवरून कळतं.

म्हणाली, "मंग त्यो कोर्ट ह्यो व्हता? बॉलचा?"

मला कळेना ती काय म्हणते. मी म्हटलं, "आये, कोर्ट म्हंजी खेळायची जागा गो. दुसरा कुठला?"

"तुज्या बापाला कोन सांगनार व्हता त्यो?" म्हणाली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

धन्या, मी घरी कधी कोर्ट हा शब्द काढलाच नव्हता. बॉल खेळायला जातो, एवढंच सांगायचो. आणि आमच्या वाडीत कोर्ट एकच. मी लहान असताना बाबाला जंगलातल्या लाकडाच्या मोळीवरून असंच बोलावणं आलं होतं. पेरणीच्या दिवसांत 'नुसतं हजर राहून ये' असं सांगून नेलं होतं, तो शेतं कापून झाल्यावर तुरुंगातून घरी आला. मग तुझा दत्तूदा येतो सायकलवरून, अंगात खाकी कपडे, आणि सांगतो की पोराला उद्या कोर्टात हजर करा.

मी तेव्हा नदीवर होतो. परत आलो तर बाबा म्हणाला, "खांबचा मामा पडलाय, पाय मोडलाय त्याचा. आत्ताच्या आत्ता जा." मी तसाच खांब गावी गेलो. बघतो तर मामा अंगणात कोंबडीमागं धावतोय. मी म्हटलं, काय मामा, पाय? तो म्हणाला, कसला पाय? मग त्याच्याही काही तरी ध्यानात आलं असावं, म्हणाला, बाप बोलला ना, मग ऱ्हा दोन दिस.

आणि इकडे बाबानं सदरा धुतला, तो वाळायची वाट न बघता ओलाच घातला आणि पहाटेची एस्टी धरून रोह्याला गेला. कोर्टात. खऱ्या कोर्टात. आईनं सांगितलं ते तसंच लिहितो: "दिसभर पायरीवर बसला. आत कुनाचं बी नाव पुकारलं का उभा ऱ्हायाचा. म्हनं, पोराचं नाव हुकायला नको. म्हनं, मी सांगन, ह्यो गुना माजा हाय, पोराला सोडा, त्यो शिकतोय." कोणी नाव पुकारलं नाही. पुकारणार कसं? संध्याकाळी दार लावणारा माणूस म्हणाला, बाबा, कोर्ट उठलं, घरी जा. बाबानं त्याला विचारलं, "साहेब, माज्या पोराचं नाव कापलं का?" त्यानं काय समजून कोण जाणे, म्हातारा दमलाय म्हणून असेल, सांगून टाकलं, "कापलं, कापलं. जा आता."

कळलं का धन्या? बाबाला ते वाक्य सुटकेचं वाटलं. कोर्टाच्या यादीतून पोराचं नाव कापलं!

मी खांबहून आलो तेव्हा तो दारातच उभा होता. चेहरा हसरा. म्हणाला, "कालेजातनं शिपाई आलता. काळजी नको करू. तुजं नाव कापलं. मी सोता विचारून आलो."

मी काय समजलो असेन ते तूच बघ. फी माफ होती ती खेळतो म्हणून, संघातून नाव गेलं म्हणजे कॉलेजही गेलं. मला वाटलं, तुम्हाला आदिवासी वाडीवरचा पोरगा फायनलला नको झाला. तेही मी गिळलं असतं. पण बाप हसत होता, ते मला गिळता आलं नाही. मला वाटलं, ह्याला मी शिकायलाच नको होतो, भट्टीवर दोन हात वाढले म्हणून खूश आहे. मी एक शब्द बोललो नाही आणि त्यांच्याबरोबर भट्टीवर गेलो. पुढे रोह्याला कंपनीत लागलो, त्यांना इकडे आणलं, खाऊपिऊ घातलं. पण बाबाशी कधी नीट बोललो नाही. तो गेला त्या दिवशीही माझ्या मनात तेच होतं, नाव कापलं तेव्हा तू हसलास.

आईला म्हटलं, तू का नाय बोललीस गो? ती म्हणाली, "त्यानं शपथ घातलेली. पोराला कळलं त्याच्यावर केस व्हती, तर खाली मान घालून जगंल, म्हनं."

माझ्यावर केस होती असं समजून तो मेला धन्या. आणि तरी त्यानं मला कधी विचारलं नाही की तू केलं काय होतंस.

गोरख


पेण
१६ नोव्हेंबर २०२५

गोरख,

तुझं पत्र वाचून मी कारखान्यात जाऊन बसलो. पोरगा आला आणि विचारून गेला, बाबा, बरं नाही का?  हसू येतं तेही खरं आणि रडू येतं तेही खरं. एक शब्द रे! चुन्याच्या चार रेघा मारलेली जमीन, तिला आम्ही कोर्ट म्हणत होतो, म्हणून हे सगळं?

दत्तूदाकडे गेलो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता सुनेच्या किराणा दुकानात बसतो. विचारलं, त्या दिवशी काय सांगितलं होतंस? त्याला सगळं लख्ख आठवतं. म्हणाला, "तुमी पाठ करून घेतलात तेच सांगितला. त्यो बाबा मला विचारीत व्हता, काय केलान माज्या पोरानं? मी बोललो, मला काय ठाव, सरांनी बोलावलाय, कोर्टात हजर व्हायालाच पायजे. लय पाया पडाया लागला माज्या. मी बोललो, अरे पाया कसला पडतोस, ही तर मानाची गोष्ट हाय! तवा त्यो जास्तीच घाबरला." मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. वाचून संपलं तेव्हा त्यानं वजनकाट्यातली वजनं उतरवून ठेवली. मग म्हणाला, "माज्या खाकी कपड्यानं केला सगळा." मी म्हटलं नाही, माझ्या निरोपानं केलं. तो म्हणाला, नाय, कपड्यानं. आम्ही त्यावर भांडलो, आणि त्याच्या सुनेनं दोघांनाही चहा देऊन गप्प केलं.

त्या दिवशी आम्ही जिथे खेळत होतो तिथून कोर्ट फार लांब नव्हतं. आम्ही तुझी वाट बघत रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो, आणि तुझा बाप तुझ्या नावाची वाट बघत पायरीवर. हे डोक्यातून जात नाही.

आता मी इतिहास काय लिहू, तूच सांग. सगळं खरं लिहिलं तर लोक हसतील, आणि तुझ्या बाबांवर कोणी हसलेलं मला चालणार नाही. काहीच लिहिलं नाही, तर तो शब्द तसाच राहतो आणि शीतल तो ऐकत राहते. तू म्हणशील तसं करतो. आणि दहा जानेवारीला सोहळा आहे, जुन्या संघाची मैदानावर ओळख करून देणार आहेत. तू ये. आईला आण.

धन्या


रोहा
७ डिसेंबर २०२५

धन्या,

हसले तर हसू दे. आई सांगताना रडली आणि मधेच कोंबडीमागं धावणाऱ्या भावाची आठवण येऊन हसलीही. ती हसली तर लोकांनी का हसू नये?

इतिहासात एवढंच लिही. फायनलच्या दिवशी गोरख वाघमारे याला निरोप मिळाला नाही. त्याच्या वतीने त्याचे वडील मंगळ्या वाघमारे रोह्याच्या कोर्टात दिवसभर हजर होते. कुठलं कोर्ट ते लिहायचं की नाही, ते तू ठरव. पण हजर होते हे लिही. त्या दिवशी आपल्या संघातला कोर्टात सगळ्यात जास्त वेळ थांबलेला माणूस तोच होता.

तो शब्द थांबवता येणार नाही. पोरांच्या तोंडी बसला की बसला. शीतलला मी सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, आता कोणी म्हटलं तर मी त्याला पूर्ण गोष्ट ऐकवीन, मग बघू पुन्हा म्हणतो का.

आई यायचं म्हणते. आधी विचारत होती, ह्या कोर्टात वकील लागतो काय? मी म्हटलं नाही. मग म्हणाली, तिथं नाव पुकारतात का? मी म्हटलं, का गो? तर म्हणते, "त्यानं दिसभर वाट बघितली, कुनी पुकारलं नाय. येकदा पुकारू दे."

जमेल का बघ. नाही जमलं तरी येऊ.

गोरख


रोहा
१४ जानेवारी २०२६

धन्या,

परवाच्या गडबडीत बोलणं झालं नाही आणि झालं असतं तरी मला काय ऐकू येणार होतं. कानात मशीन घातली होती, पण टाळ्या आणि लाउडस्पीकर मिळून नुसती घरघर, म्हणून मी ती काढून खिशात ठेवली. तुम्ही मला त्या चुन्याच्या रेघांत उभं केलंत आणि मी नवी रिंग बघत राहिलो. बरोबर उंचीवर आहे. मनात उडी मोजत होतो, आणि एकदम सगळी माणसं माझ्या मागं बघायला लागली. वळून बघतो तर आई उभी. तू डोळे पुसतोयस. निकेश पण. दत्तूदा तर हातातला माईक तसाच धरून खाली बसला.

नेमकं झालं काय? माझ्याकडून काही चुकलं का? आईला विचारलं तर म्हणते, काय नाय, तू बॉल खेळ. शीतलला विचारलं तर ती सांगायला लागते आणि तिचे ओठच नीट हलत नाहीत, मला वाचता येत नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, धनेशकाकांना विचारा, ते इतिहास लिहितात.

म्हणून विचारतो.

गोरख


पेण
१८ जानेवारी २०२६

गोरख,

तुझ्याकडून काही चुकलं नाही. तू रिंगकडे बघत होतास, ते योग्यच केलंस.

झालं ते असं. बाकी सगळ्यांची नावं सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी वाचली. तुझ्या नावाला दत्तूदा उठला. जुने खाकी कपडे कुठून तरी काढून घालून आला होता. मी त्याला म्हटलं होतं, हे कशाला? तो म्हणाला, निरोप मी नेला, तर मीच पुकारनार. माईक त्याला नको होता, तरी कोणी तरी हातात दिला. आणि त्यानं खऱ्या कोर्टात पुकारतात तसं लांब ओढून पुकारलं, "गोरख मंगळ्या वाघमारे..."

तू ऐकलं नाहीस. तू रिंग बघत होतास. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं.  मी तुझ्याकडे यायला निघालो, तुला खांद्याला हात लावून सांगावं म्हणून. जोगळेकर सर वर्षभर हेच नाव पुकारायचे आणि आम्ही माना खाली घालून उभे असायचो, ते सगळं मला परत आठवलं. त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं.

तेव्हा तुझी आई खुर्चीतून उठली. पदर सारखा केला. शीतल हात द्यायला गेली तर तिनं तो बाजूला केला. शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला आणि रस्त्यावर उभ्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हजर हाय. कवाधरनं हजर हाय."

धन्या